लेकराला सायकलमागे नेताना

म्युनिकमध्ये मूल वर्षाचं होत आलं आणि आई किंवा बाबांची सुट्टी संपत आली, की मराठी घरांत एकच विषय सुरू होतो. पाळणाघर दोन-तीन किलोमीटरवर. गाडी नाही, आणि असली तरी सकाळी तिथे लावायला जागा नाही. बसमध्ये बाबागाडीची जागा आधीच भरलेली. मग सायकल हाच सोयीचा मार्ग उरतो. पण मूल मागच्या सीटवर बसवायचं, पुढे पेटी असलेली कार्गो सायकल घ्यायची, की दोन चाकांचा ट्रेलर मागे जोडायचा?

आम्ही ट्रेलर निवडला आणि त्याबद्दल मी समाधानी आहे. पाऊस, बर्फ, झोपलेलं मूल, दप्तर, भाजी, सगळं त्यात सामावतं. मागच्या सीटवरचं मूल सायकल आडवी झाली तर जवळजवळ मीटरभर उंचीवरून पडतं. ट्रेलरमधलं मूल जमिनीपासून हातभर उंचीवर, सांगाड्याच्या आत, पट्ट्यांत असतं. पण ही सुरक्षितता ट्रेलर विकत घेतला की आपोआप मिळत नाही. आमच्या वाट्याला आलेल्या दोन प्रसंगांनी मला हे शिकवलं. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या नव्या आई-बाबांना मी जे सांगते, ते इथे नीट मांडते आहे.

ट्रेलर घेताना बहुतेक जण किंमत, कंपनी, रंग आणि घडी कशी होते या क्रमाने विचार करतात. माझ्या मते क्रम असा हवा: आधी मूल, मग आपली सायकल, मग रोजचा रस्ता, आणि सगळ्यात शेवटी ट्रेलर.

आमच्या बाबतीत घडलं ते

आमचा पाळणाघराचा रस्ता आधी इझार नदीकाठच्या खडीवरून जातो, मग ट्रामचे रूळ ओलांडतो आणि शेवटी अरुंद गल्ल्यांमध्ये शिरतो. ट्रेलर आम्ही जुना घेतला, दोन मुलांचा. जर्मनीत लहान मुलांच्या वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जातात. यात कमीपणा कोणी मानत नाही आणि पैसेही वाचतात. स्प्रिंग असलेला चांगला नवा ट्रेलर हजार युरोच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो.

माझ्या सायकलला मागे थ्रू-ॲक्सल आहे. म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणारा जाड दांडा एका बाजूला फ्रेममध्येच आट्यांनी घट्ट होतो. ट्रेलरची जोडणी बसवायची तर हा मूळचा ॲक्सल काढून दुसरा, लांब ॲक्सल घालावा लागतो. एका दुकानातून तो घालून घेतला. काही आठवड्यांनी खडीवरून जाताना मागचा डिस्क ब्रेक घासल्याचा आवाज येऊ लागला. उतरून पाहिलं, तर ॲक्सल हाताने हलत होता. दुसऱ्या मेकॅनिकने तो काढून समोर धरला. लांबी कमी होती. जोडणीची जाडी मध्ये आल्यावर फ्रेममध्ये जेमतेम तीन-चार आटे धरत होते. ट्रेलरचा सगळा भार, प्रत्येक ब्रेकचा धक्का आणि माझं चाक, सगळं त्या तीन-चार आट्यांवर चाललं होतं.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या पानगळीतला. पाळणाघराच्या गल्लीत उजवीकडे वळताना ट्रेलरचं उजवं चाक फुटपाथच्या कडेवर चढलं आणि ट्रेलर डावीकडे कलंडला. सायकल उभीच राहिली. मला फक्त मागून हिसका बसला. धावत गेले तर लेक आडवी, पट्ट्यांत घट्ट, मोठ्याने रडत होती. हेल्मेट डोक्यावर जागच्या जागी होतं. सांगाडा जमिनीला टेकला होता आणि तिचं अंग जमिनीपासून दूर होतं. तिला खरचटलंसुद्धा नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासून घरी पाठवलं. त्या बाई एवढंच म्हणाल्या, की पट्टा सैल असता तर ही भेट वेगळी झाली असती.

त्या वाक्यानंतर मी ट्रेलरचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, दोन मेकॅनिकांना भेटले आणि प्रत्येक गोष्टीमागचं कारण समजून घेतलं.

आधी मूल

पहिला प्रश्न वयाचा. बहुतेक कंपन्या सायकलमागे नेण्यासाठी मूल किमान बारा महिन्यांचं असावं असं लिहितात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर किंवा तिच्यामागे नेऊ नये असंच सांगते. कारण साधं आहे. बाळाला आधाराशिवाय बसता यायला हवं आणि हेल्मेटचं वजन पेलून धक्के सोसण्याइतकी मान घट्ट हवी. जर्मनीत काही पालक त्याआधीही बाळाला झोळीसारख्या खास आसनात घालून नेतात आणि तशी आसनं दुकानांत मिळतातही. मी मात्र वर्षापर्यंत थांबले आणि इतरांनाही तेच सांगते. जर्मनीत दहाव्या ते बाराव्या महिन्यात यू-६ (U6) नावाची तपासणी होते. त्या वेळी डॉक्टरांना थेट विचारा, 'हिची मान आणि पाठ ट्रेलरसाठी तयार आहे का?' मूल वेळेआधी जन्मलं असेल किंवा उशिरा बसायला लागलं असेल, तर हा प्रश्न टाळू नका.

दुसरा प्रश्न हेल्मेटचा. जर्मनीत कायद्याने मुलाला हेल्मेट बंधनकारक नाही, पण मी ते घालतेच. ट्रेलरसाठी हेल्मेट निवडताना मागची बाजू पाहा. मागे फुगीर असलेलं हेल्मेट आसनाच्या पाठीला टेकतं आणि मुलाचं डोकं पुढे ढकललं जातं. हनुवटी छातीला लागते, मूल पाच मिनिटांत कुरकुरतं आणि झोपलं तर मान लोंबते. यासाठी मागून सपाट हेल्मेट घ्या आणि ट्रेलरच्या पाठीत, डोक्यामागे, हेल्मेट मावेल एवढी खोलगट जागा किंवा सैल जाळी आहे का ते बघा. हे दुकानात मुलाला हेल्मेट घालून, आत बसवूनच कळतं. हेल्मेटवर ईएन १०७८ हे युरोपीय मानक लिहिलेलं असावं.

तिसरी गोष्ट थंडीची. आपण पेडल मारत असतो, अंग तापलेलं असतं आणि वाटतं की आज काही फार गारठा नाही. मूल हालचाल न करता बसलेलं असतं. आपल्याला बंडी पुरते त्या दिवशी त्याला जाडसर पांघरूण लागतं. पायांना लोकरी पिशवी आणि कानांवर हेल्मेटखाली बसेल अशी पातळ टोपी द्या. जाड टोपी घातली की हेल्मेट नीट बसत नाही. तसंच जाड जाकिटावरून पट्टे बांधले की ते घट्ट वाटतात, पण आत सैल राहतात. जाकीट काढून पट्टे बांधायचे आणि वरून पांघरूण घालायचं.

मग आपली सायकल

ट्रेलर पाहायला जाण्याआधी आपल्या सायकलचं मागचं चाक पाहा. त्याचे साधारण तीन प्रकार. जुन्या पद्धतीचा नटांनी आवळलेला ॲक्सल. तरफ उघडून सुटणारा क्विक रिलीज. आणि माझ्या सायकलसारखा थ्रू-ॲक्सल. पहिल्या दोन प्रकारांत जोडणी सहसा सहज बसते. क्विक रिलीजची सळई मात्र लांब घ्यावी लागू शकते. थ्रू-ॲक्सलमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो. जाडी बहुधा १२ मिलिमीटर असते, पण दोन आट्यांमधलं अंतर १, १.५ किंवा १.७५ मिलिमीटर असू शकतं. त्यातच लांबीही सायकलगणिक वेगळी. ॲक्सल काढून त्यावर छापलेले आकडे वाचा, त्यांचा फोटो काढा आणि दुकानात दाखवा. नवा ॲक्सल बसवला की तो फ्रेममध्ये किती आत जातो आणि किती जोराने आवळायचा, हे मेकॅनिकला तुमच्यासमोर दाखवायला सांगा. त्याला राग आला तरी चालेल.

मागच्या चाकातच मोटार असलेल्या इलेक्ट्रिक सायकलींना प्रत्येक जोडणी चालत नाही. कार्बनच्या फ्रेमला ट्रेलर जोडायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत. सायकलच्या माहितीपत्रकात ट्रेलरबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. तिथे नकार असेल तर तो पाळा.

इलेक्ट्रिक सायकल असेल तर आणखी एक गोष्ट. जर्मनीत ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत करणाऱ्या साध्या पेडेलेकमागे मुलांचा ट्रेलर चालतो. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या एस-पेडेलेकमागे मूल बसवलेला ट्रेलर नेता येत नाही. श्टुटगार्टसारख्या चढउतारांच्या गावात पेडेलेकची मदत मोठी असते. म्युनिक सपाट आहे, इथे साधी सायकलही पुरते.

ब्रेक हा या सगळ्याचा पाया आहे. ट्रेलर बारा ते सतरा-अठरा किलोचा, मूल दहा-बारा किलोचं, वर दप्तर, दूध, भाजी. म्हणजे तीस-पस्तीस किलोचं ओझं मागून ढकलत असतं आणि त्या ओझ्याला स्वतःचा ब्रेक नसतो. ते थांबवायचं काम तुमच्या सायकलच्या दोन ब्रेकांनाच करायचं असतं. ट्रेलर घेण्याआधी ब्रेकची पॅड बदला, केबल तपासा. उतारावर वेग आधीच कमी करा आणि वळणात ब्रेक जोरात दाबू नका. ओल्या पानांवर मागचं ओझं सायकलला आडवं ढकलू शकतं.

मागच्या चाकावर चांगलं लांब मडगार्ड लावा. ते नसेल तर चाकाने उडवलेलं पाणी, चिखल आणि बारीक खडी थेट मुलाच्या तोंडाकडे जाते.

रोजचा रस्ता

आमचा ट्रेलर का कलंडला? उजव्या वळणात मूल आणि ट्रेलर बाहेरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे झुकू पाहतात. सायकलस्वार आपलं अंग आत झुकवून हा जोर सावरतो. ट्रेलरला तसं झुकता येत नाही. त्याच क्षणी आतल्या बाजूचं उजवं चाक फुटपाथच्या कडेवर चढलं, तर तेही ट्रेलरला डावीकडेच ढकलतं. दोन जोर एकाच दिशेने लागतात आणि ट्रेलर आडवा होतो. त्यात ट्रेलरची चाकं सायकलच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. वळणावर ती आतून, कोपरा कापून जातात. दोन मुलांच्या ट्रेलरची रुंदी ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास असते. सायकलच्या मध्यरेषेपासून चाळीस सेंटिमीटर बाहेर ते चाक फिरत असतं आणि चालवणाऱ्याला ते दिसत नाही.

म्हणून वळण घेताना आधी थोडं बाहेर जा आणि मग आत या. बैलगाडी हाकणारा गल्लीच्या कोपऱ्यावर जसा रुंद वळसा घेतो, तसा. बऱ्याच कंपन्या सरळ रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या आणि वळणावर दहाच्या आसपास वेगाची मर्यादा देतात. माझ्या मते मूल मागे असताना सरळ रस्त्यावरही पंधरा पुरेत. फुटपाथची कड चढायचीच असेल तर उतरून, सायकल ढकलत, दोन्ही चाकं एकदम कडेवर येतील अशी सरळ चढवा. ट्रामचे रूळ शक्य तितके आडवे ओलांडा.

रस्त्यावरच्या अडथळ्यांची नोंद आधीच करा. माझ्या ओळखीच्या एका घराने मोठा ट्रेलर आणला आणि मग लक्षात आलं, की रेल्वे फाटकाजवळच्या नागमोडी लोखंडी कठड्यांतून तो जातच नाही. रोज वळसा घालावा लागला. घराच्या इमारतीचा दरवाजा, तळघराची वाट, लिफ्टची आतली खोली, पाळणाघराच्या अंगणातली जागा, हे सगळं टेपने मोजा. एकच मूल असेल आणि दुसऱ्याचा विचार नसेल, तर एकेरी ट्रेलर घ्या. तो अरुंद असतो, हलका असतो आणि फाटकांतून निघतो. दुहेरीत सामान भरपूर राहतं, पण एकटं मूल एका बाजूला बसलं की तोल थोडा बिघडतो. काही दुहेरी ट्रेलरमध्ये एकट्या मुलाला मधोमध बसवायची सोय असते. ती असेल तर वापरा.

रस्त्यावरची वाहनंही विचारात घ्या. ट्रेलरमधल्या मुलाचं तोंड मोटारींच्या धुराड्यांच्या उंचीच्या जवळ असतं. सिग्नलला ट्रकच्या मागे उभं राहणं टाळा. पाच मिनिटं जास्त लागली तरी आतली गल्ली किंवा नदीकाठ निवडा.

आता ट्रेलर

ट्रेलर पाहताना मी पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहते.

पट्टे. दोन खांद्यांवर, दोन कमरेवर आणि एक पायांमधून, असा पाच टोकांचा पट्टा हवा. खांद्यावरचे पट्टे मुलाच्या खांद्यांच्या पातळीवर आणता यायला हवेत. आवळल्यावर पट्टा आणि छातीमध्ये एक बोट जावं, मूठ जाता कामा नये. बक्कल मुलाला उघडता येणार नाही असं हवं. दीड वर्षाची मुलं साधी बक्कलं उघडायला फार लवकर शिकतात.

सांगाडा. ट्रेलर कलंडला किंवा उलटा झाला तरी मुलाचं डोकं आणि हात जमिनीला लागू नयेत, एवढी जागा सांगाड्याच्या आत हवी. बाजूच्या कापडातून हात बाहेर काढून चाकाच्या आऱ्यांपर्यंत पोचता येऊ नये. पायांखाली कडक तळ हवा. नुसतं कापड असेल तर मोठं झालेलं मूल पाय खाली दाबून जमिनीला लावतं.

जोडणी. ट्रेलरचा दांडा सायकलच्या मागच्या ॲक्सलला डाव्या बाजूने जोडतात. तिथला सांधा सर्व बाजूंना वळणारा हवा, म्हणजे सायकल पडली तरी ट्रेलर उभा राहतो आणि ट्रेलर कलंडला तरी सायकल ओढली जात नाही. आमच्या प्रसंगात मी उभी राहिले ती याच सांध्यामुळे. जोडणीबरोबर एक सुटा सुरक्षा पट्टा असतो. तो सायकलच्या फ्रेमभोवती फिरवून अडकवायचा असतो. मुख्य जोडणी निसटली तर त्याशिवाय ट्रेलरला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. शंभर मीटर जायचं असलं तरी तो पट्टा लावायचा.

स्प्रिंग आणि टायर. स्प्रिंग नसलेल्या ट्रेलरमध्ये खडीवर मुलाच्या मानेला जे हादरे बसतात, ते पुढे बसलेल्याला कळत नाहीत. आमच्यासारखा रस्ता असेल तर स्प्रिंग हवीच. काही ट्रेलरमध्ये स्प्रिंग मुलाच्या वजनाप्रमाणे बदलावी लागते. मूल वाढेल तशी ती बदलत राहा. टायरमध्ये हवा कडक ठोकू नका. टायरच्या बाजूला किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. मूल हलकं असताना किमानच्या जवळ राहिलात तर धक्के कमी होतात.

वजनाची मर्यादा. बऱ्याच दुहेरी ट्रेलरची एकूण भारमर्यादा ४५ किलोच्या आसपास आणि एकेरीची ३४ किलोच्या आसपास असते. यात मुलं आणि सामान दोन्ही धरायचं. मुलं चार-पाच वर्षांची झाली की दोघं मिळून चाळीसच्या जवळ जातात, मग भाजीला जागा उरत नाही.

हवा आणि उजेड. पुढे किड्या-खडीसाठी जाळी आणि पावसासाठी पारदर्शक पडदा, असे दोन थर हवेत. उन्हाळ्यात पारदर्शक पडदा लावून ट्रेलर उन्हात उभा केला की आत भट्टी होते. जूनच्या दुपारी जाळीच ठेवा, वर सावली धरा, आणि मूल आत झोपलं आहे म्हणून ट्रेलर उन्हात सोडून जाऊ नका.

मानक. युरोपात सायकल ट्रेलरसाठी ईएन १५९१८ हे मानक आहे. त्याचा उल्लेख नसलेला, स्वस्त आणि अनोळखी ट्रेलर घेऊ नका. कुत्र्यासाठी किंवा सामानासाठी बनवलेल्या ट्रेलरमध्ये मूल बसवू नका. त्यात आसनही नसतं आणि पट्टेही नसतात.

कायद्याचं थोडक्यात

जर्मनीत मुलांसाठी बनवलेल्या ट्रेलरमध्ये सात वर्षं पूर्ण होईपर्यंतची, जास्तीत जास्त दोन मुलं नेता येतात. अपंग मुलांसाठी ही वयाची अट लागू नाही. चालवणारी व्यक्ती किमान १६ वर्षांची हवी. १ जानेवारी २०१८ नंतर बनलेल्या, ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद ट्रेलरला मागे डाव्या बाजूला लाल दिवा, मागे दोन लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दोन पांढरे रिफ्लेक्टर हवेत. झेंडीची काठी बहुतेक ट्रेलरबरोबर येते. ती कपाटात ठेवू नका. ट्रेलर मोटारचालकाच्या नजरेच्या खाली असतो, उंच फडकणारी झेंडी त्याला आधी दिसते. नोव्हेंबरनंतर सकाळी अंधारच असतो, तेव्हा मी मागे आणखी एक दिवा लावते.

जुना ट्रेलर घेताना

जुना ट्रेलर घ्यायला माझी हरकत नाही, पण पुढच्या गोष्टी तपासल्याशिवाय घेऊ नका. जोडणीत रबर किंवा प्लॅस्टिकचा लवचीक भाग असेल तर तो वाकवून पाहा. उन्हाने त्याला बारीक भेगा पडतात. भेग दिसली तर तो भाग नवा घ्यायचा. सुरक्षा पट्टा मूळचा आहे की गाठ मारलेला, हे पाहा. बसायच्या पट्ट्यांची शिवण ओढून बघा. ट्रेलर उलटा करून सांगाड्याला वाक किंवा तडा आहे का ते पाहा. चाकं काढून पुन्हा बसवा. ती 'कट्' आवाज करून पक्की बसली पाहिजेत. ट्रेलर कधी कुठे आदळला का, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. आणि मॉडेलचं नाव व वर्ष लिहून घेऊन कंपनीने ते मॉडेल दुरुस्तीसाठी परत मागवलं होतं का, ते तपासा.

वाचलेल्या पैशांतून दुसरी जोडणी घ्या. जोडणी वेगळी मिळते आणि ट्रेलरच्या मानाने स्वस्त असते. आई आणि बाबा दोघांच्या सायकलींना एकेक असली, की सकाळी एकाने मुलाला सोडून ट्रेलर पाळणाघरात ठेवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्याने तो जोडून मुलाला आणायचं. आमची धावपळ यानेच निम्मी झाली.

पुण्याहून येणारा प्रश्न

पुण्याला धाकट्या भावाने विचारलं होतं, "ताई, इथे मागवू का असा ट्रेलर? लेकराला फिरवता येईल." आमच्या बाबांनी आम्हा दोघांना सायकलच्या दांड्यावरच्या छोट्या सीटवर बसवून शाळेत नेलं होतं, त्यामुळे त्याची हौस मला कळते. पण मी त्याला नको म्हटलं. ट्रेलर अशा रस्त्यासाठी आहे जिथे सायकलला वेगळी वाट आहे किंवा वाहनं सावकाश चालतात. पुण्याच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दुचाक्या घासून जातात, स्पीडब्रेकर अवचित येतात आणि हातभर उंचीचं काही मागे असेल अशी कोणाची अपेक्षाच नसते. सोसायटीच्या आत, विद्यापीठासारख्या मोठ्या आवारात किंवा रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर चालेल. रोजच्या शाळेसाठी नाही.

म्युनिकला आलेल्या आजी-आजोबांबद्दलही हेच सांगेन. आयुष्यभर सायकल चालवलेल्या आजोबांना नातीला ओढायची इच्छा होणं स्वाभाविक आहे. पण इथे वाहतूक उजवीकडून असते, सवय डाव्या बाजूची असते आणि मागे ऐंशी सेंटिमीटर रुंद ओझं असतं. आधी काही दिवस रिकामा ट्रेलर घेऊन बागेत फिरू द्या.

घेण्याआधी

दुकानात फिरवून ट्रेलर कळत नाही. म्युनिकसारख्या शहरांत ट्रेलर काही दिवसांसाठी भाड्याने मिळतात, एखादा आणा. पहिल्या फेरीला मूल नको. इंडियन शॉपमधली दहा किलोची आट्याची पिशवी आसनात ठेवा, पट्टे बांधा आणि पाळणाघराचा खरा रस्ता करा. मोकळ्या पटांगणात डावं-उजवं वळण, अचानक ब्रेक आणि चढ-उतार करून बघा. थांबून पाहा: पिशवी सरकली का, पट्टा सैल झाला का, जोडणी हलली का? मग मूल बसवून छोटी फेरी, आणि दर थोड्या वेळाने थांबून त्याचा चेहरा पाहा. ट्रेलरमध्ये मूल एकटं असतं. ते काय म्हणतंय हे वाऱ्यात ऐकू येत नाही.

त्यानंतर रोज निघण्याआधीची तपासणी एका मिनिटाची आहे: ॲक्सल घट्ट, जोडणीची खीळ बसलेली, सुरक्षा पट्टा लावलेला, दोन्ही चाकं पक्की, टायरमध्ये हवा, बसायचे पट्टे एका बोटाएवढे घट्ट, हेल्मेट डोक्यावर. मी हे म्हणत म्हणत तपासते आणि आता लेकही माझ्याबरोबर म्हणते.

पैसे मोजकेच असतील तर कुठे काटकसर करावी, हेही लोक विचारतात. रंगावर, घडीवर, कप ठेवायच्या खिशावर आणि नव्या मॉडेलवर काटकसर करा. रस्ता गुळगुळीत डांबरी असेल तर स्प्रिंगवरही एक वेळ चालेल. पट्टे, सांगाडा, जोडणी आणि सायकलचे ब्रेक या चार गोष्टींवर मात्र एक युरोही वाचवू नका. या चारांपैकी एकाबद्दल जरी शंका असेल, तर त्या दिवशी बसने जा.